ग्रेटेस्ट कोण ते ठरवा, पण समोरच्याचंही नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले तीन आठवडे तुमच्या पत्रांच्या पानावर जी फाईट चाललीय ती मी दुकानात बसून वाचतोय. फोंड्याचे एक वाचक म्हणतात जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन, मडगावचे म्हणतात मुहम्मद अली आणि त्याच्यापुढे कुणी नाहीच, आणि मागच्या रविवारी डिचोलीच्या एका बाईंनी लिहिलं की हे सगळं आपल्या धिरयोसारखंच, म्हणजे बैलांच्या झुंजीसारखंच, फक्त बैलांच्या जागी गरिबांची पोरं, शिकलेल्या लोकांनी असल्या खेळाचं कौतुक करू नये. माझं म्हापशाला हार्डवेअरचं दुकान, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी पाणी प्यायला फुरसत नसते तरी पेपर काउंटरवर उघडाच होता आणि गिऱ्हाइकाला खिळे तोलून देता देता मी ते पान दोनदा वाचलं. म्हटलं आता आपणही लिहू. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण अलीसमोर तीनदा उभ्या राहिलेल्या जो फ्रेझरचा भाग तेवढा कापू नका.

आधी फोंड्याच्या वाचकांचं. रिंगमधलं बोलायचं तर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. रॉबिन्सन १९४० ला प्रोफेशनल झाला आणि १९६५ पर्यंत खेळला, १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाकडून हरला तो पुढे थेट १९५१ च्या जुलैत लंडनला रँडी टर्पिनकडून हरला, मध्ये ९१ फाईट्स हार नाही. आजचे चॅम्पियन वर्षात दोनदा रिंगमध्ये उतरले तरी पेपरात फोटो येतो, हा माणूस कधी कधी महिन्यात दोनदा उतरायचा. वेल्टरवेटचा चॅम्पियन म्हणजे ६६-६७ किलोचा गडी, मग त्यावरच्या मिडलवेटमध्ये पाच वेळा टायटल. ते 'पाउंड फॉर पाउंड' म्हणतात ना, वजन बाजूला ठेवून कोण भारी असं, ते बोलणं लोकांच्या तोंडी बसलं ते मुख्यतः याच्यामुळे. १९५२ च्या जूनमध्ये तर त्याच्याही वरच्या लाइट हेवीवेटचं टायटल घ्यायला गेला, यांकी स्टेडियममध्ये जोई मॅक्सिमविरुद्ध, आणि त्या रात्री न्यूयॉर्कला एवढा उकाडा होता की रेफरीच चक्कर येऊन बाद झाला, दुसरा रेफरी आणावा लागला. रॉबिन्सन पॉइंट्सवर पुढे होता, तेराव्या राउंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही. अख्ख्या करियरमध्ये तो एकदाच असा पुरी फाईट न करता हरला, आणि तोही मॅक्सिमनं नाही, उन्हाळ्यानं हरवला. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ज्यानं प्रॅक्टिस केलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. अलीसुद्धा रॉबिन्सनलाच गुरू मानायचा. म्हणजे फोंडा जिंकलं, विषय संपला असं म्हणता येईल.

पण मडगावकरांचं मन मला कळतं कारण मी अलीच्या फोटोखाली वाढलोय. माझा मामा बोटीवर होता, इंजिन रूममध्ये, सुट्टीवर यायचा तेव्हा ट्रंकेतून साबण, चॉकलेटं आणि इंग्रजी मासिकं निघायची. त्यातलं एक अलीचं पान त्यानं फ्रेम करून सोप्यावर लावलं, नेमकं गणपतीच्या तसबिरीशेजारी. आजीनं पहिल्या दिवशी विचारलं, "हो खंयचो देव?" मामा हसला आणि म्हणाला, आई हा लढाईला जात नाही म्हणाला म्हणून सरकारनं याचं सगळं काढून घेतलं. आजीला एवढं पुरलं. फोटो राहिला.

खरी मजा संध्याकाळी असायची. मामा आम्हाला अलीची किन्शासाची फाईट करून दाखवायचा, ३० ऑक्टोबर १९७४ ची, अली ३२ वर्षांचा आणि जॉर्ज फोरमन २५ चा, ४० फाईट्सपैकी ४० जिंकलेला, लोक म्हणत होते अली जिवंत परत आला तरी पुष्कळ. मामा सोप्याच्या खांबाला पाठ टेकायचा, दोन्ही कोपरं तोंडापुढे धरायचा आणि आम्हाला म्हणायचा मारा, दमेपर्यंत मारा. आम्ही चारपाच पोरं तुटून पडायचो आणि पाच मिनिटात धापा टाकत जमिनीवर. मग तो खांबावरून सुटायचा आणि हलकेच एकेकाच्या डोक्यात टपली. आठवा राउंड, खेळ खलास! पुढं आम्ही आमचे आम्ही हा खेळ खेळायला लागलो तेव्हा एक पंचाईत झाली, फोरमन व्हायला कुणी तयार नव्हतं. मी सगळ्यात लहान, त्यामुळे ठरलेलंच, फोरमन मी. दर खेपेला मीच पडायचो. आता विचार करतो तर वाटतं माझं हे पत्र तिथंच सुरू झालं असावं.

अलीबद्दल मडगावकरांनी लिहिलंय ते सगळं खरं. १९६७ च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनला त्यानं सैन्यात भरती व्हायला नकार दिला, त्याच दिवशी टायटल काढून घ्यायला सुरुवात झाली, पुढं पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड. अपिलामुळं जेलात गेला नाही पण साडेतीन वर्षं एकही फाईट मिळाली नाही, २५ ते २८ म्हणजे बॉक्सरचं वय हेच असतं हो, ते गेलं. १९७१ ला सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली, आठपैकी आठ न्यायाधीशांनी. त्याच्या आधीचे दोघे काळे हेवीवेट चॅम्पियन, जॅक जॉन्सन आणि जो लुईस, त्यांच्याबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही. जॉन्सननं १९१० च्या ४ जुलैला गोऱ्या जेफ्रिजला हरवलं तर अमेरिकेत गावोगाव दंगली झाल्या आणि त्यात काळी माणसं मेली, एका फाईटच्या निकालावरून! लुईसनं १९३८ ला जर्मनीच्या श्मेलिंगला १२४ सेकंदांत झोपवलं तेव्हा हा काळा माणूस अख्ख्या देशाचा हिरो झाला, महायुद्धात त्यानं फाईटची कमाई सैन्याच्या मदतनिधीला दिली, आणि तरी पुढं इन्कम टॅक्सवाले आयुष्यभर त्याच्या मागे. शेवटी लास वेगासच्या एका कसिनोत आलेल्या पाहुण्यांशी शेकहँड करायची नोकरी करत होता. मांडवीतल्या कसिनोंवरून आपण एवढे वाद घालतो, त्यांच्या दारात जो लुईस उभा आहे अशी कल्पना करून बघा.

आता माझा मुद्दा. जो फ्रेझर.

अलीवर बंदी असताना ज्यानं त्याला पैशाची मदत केली, लायसन्स परत मिळावं म्हणून ज्यानं शब्द टाकला तो हाच फ्रेझर. साउथ कॅरोलायनातलं दुसऱ्याच्या शेतात राबणारं घर, बारा भावंडं, बापाचा एक हात गेलेला. आपल्याकडचं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या भाटातलं मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं घर डोळ्यापुढं आणा म्हणजे झालं. लहानपणी गोणपाटात चिंध्या नि विटा भरून झाडाला टांगायचा आणि त्यावर बुक्क्या मारायचा, हीच त्याची पंचिंग बॅग. डुक्कर मागे लागून पडला आणि डावा हात मोडला, डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते म्हणून तो हात वाकडाच बसला, पूर्ण सरळ होईना. आणि गंमत बघा, तोच वाकडा हात पुढं जगातला सगळ्यात भीतीदायक लेफ्ट हुक, म्हणजे डाव्या हाताचा बाजूनं येणारा ठोसा झाला. नंतर फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्ड, तेही अंगठा मोडलेला असताना.

आणि अली? लुईव्हिलचा, बाप पाट्या रंगवणारा पेंटर, स्वतःचं घर, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं बऱ्यापैकी बरं चाललेलं. असा अली या फ्रेझरला जगापुढं गोऱ्यांचा चमचा म्हणाला, अडाणी म्हणाला, मनिलाच्या फाईटआधी तर रबराचा गोरिला खिशातून काढून प्रेसपुढं त्याला ठोसे मारून दाखवले. तिकिटं खपवायला होतं म्हणतात. असेल. फ्रेझरची मुलं तेव्हा शाळेत जात होती, त्यांना शाळेत काय ऐकावं लागलं असेल याचं तिकीट कुणी खपवलं? मुंडकाराच्या पोराला गावात काय काय म्हणून हाक मारत ते माझ्या आजोबांनी ऐकलंय, मुंडकारांचा कायदा १९७५ ला झाला पण शब्द काय कायद्यानं जातात थोडेच. (माझे आजोबा अंगठेबहाद्दर, भाऊसाहेब बांदोडकरांनी गावात मराठी शाळा काढली म्हणून मी आज तुम्हाला हे पत्र लिहितोय, हे जाता जाता.)

रिंगमधलं तर सगळ्यांना माहीत आहे. १९७१ च्या ८ मार्चला न्यूयॉर्कला दोघांना सारखेच पैसे, २५-२५ लाख डॉलर, आणि पंधराव्या राउंडला तो वाकडा डावा हात अलीच्या जबड्यावर बसला, अली उताणा. फ्रेझर जिंकला. दुसरी अली जिंकला. तिसरी मनिलाला, १ ऑक्टोबर १९७५, चौदा राउंड झाले तोवर फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद झालेला, आणि डाव्यानं त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, हे त्यानं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे समोरचा हात कुठून येतोय हेच कळत नव्हतं आणि तरी तो पंधराव्याला उठत होता. त्याच्या कॉर्नरमधल्या ट्रेनरनं, एडी फचनं, खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं, बस बाळ, संपलं, आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही. त्या फचबद्दल मला फार वाटतं. त्यानं आपला बॉक्सर घालवला नाही, फाईट घालवली.

विसरले मात्र लोक. फिलाडेल्फियात 'रॉकी' सिनेमातल्या खोट्या बॉक्सरचा पुतळा १९८० च्या दशकात उभा राहिला, आणि त्याच गावात राहणाऱ्या, कत्तलखान्यात खरोखर राबलेल्या फ्रेझरचा पुतळा उभारला २०१५ ला, तो वारल्यावर चार वर्षांनी. अलीनं २००१ मध्ये एका पेपरमधून त्याची माफी मागितली तेव्हा फ्रेझरचं म्हणणं होतं की माफी पेपराजवळ मागितली, माझ्याजवळ नाही. संपादक महाराज, तुम्ही पेपरवाले आहात म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

तर अली मोठा की नाही? मोठाच. मी फोटो काढून टाकलेला नाही, तो आता दुकानात आहे, पेंटच्या डब्यांच्या वर. पण तो मोठा होताना त्याच्यासमोर कोण उभं होतं ते लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही असं माझं म्हणणं, आणि बॉक्सिंगमध्ये तर हे जास्तच खरं कारण क्रिकेटमध्ये समोर अकरा असतात, इथं एकच.

मी स्वतः तो एक होतो, म्हणून सांगतो. १९८६ ची गोष्ट. वास्कोला एक टुर्नामेंट होती, मी वीस वर्षांचा, ६० किलोत. जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळलेला, त्यामुळे म्हापशाहून बेतीपर्यंत बस, मग फेरीबोट, मग पणजीहून वास्कोची बस, पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला आणि वजन भरावं लागणार म्हणून सकाळपासून पोटात नुसता चहा. समोर नेव्हीचा मुलगा. ड्रेसिंग रूम म्हणजे स्टेजमागची खोली, तिथं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून हाताला पट्ट्या बांधत होतो. माझ्या पट्ट्या म्हणजे आजोबांच्या जुन्या पुडव्याच्या, म्हणजे धोतराच्या फाडलेल्या चिंध्या, अंगठ्यात अडकवायला आईनं टोकाला नाडी शिवून दिलेली. त्यानं एकदा बघितलं, काही बोलला नाही. फाईट दुसऱ्या राउंडला थांबवली. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, येतोय हे मला दिसायचं हो, पण दिसेपर्यंत तो लागलेला असायचा! नाकातून रक्त, रेफरीनं डोळ्यात बघितलं आणि हात हलवला. नंतर तोच मुलगा परत खोलीत आला, आपल्या हातावरच्या क्रेप बँडेजच्या दोन्ही पट्ट्या सोडवल्या, नीट गुंडाळ्या केल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. हिंदीत म्हणाला अगली बार ये बाँधना. ओल्या होत्या, घामाच्या. अगली बार काही झालं नाही, वडील आजारी पडले आणि मी दुकानात बसलो, पण त्या पट्ट्या अजून घरी आहेत.

दोन दिवसांनी एका पेपरात निकाल आला. अमुक वजनगटात अमुक विजयी. खाली प्रमुख पाहुणे, त्यांच्या सौ., आभारप्रदर्शन कुणी केलं, सगळ्यांची नावं. माझं नाव नव्हतं. आईनं कात्रण कापून ठेवलं तरीही. विचारलं तर म्हणाली, "तुजें नांव ना, पूण तूं थंय आशिल्लो मरे." नाव नाही, पण तू तिथं होतास ना.

डिचोलीच्या बाईंना आता उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि दोन्ही पुरुष वाचकांनी तो असा टाळला जसा अली जॅब टाळायचा. बाई, तुम्ही बरोबर आहात. निदान अर्ध्या. १९४७ ला क्लीव्हलंडमध्ये रॉबिन्सनच्या ठोशानं जिमी डॉयल मेला. आदल्या रात्री रॉबिन्सनला तसं स्वप्न पडलं होतं, त्याला खेळायचं नव्हतं, लोकांनी समजूत घातली. पुढच्या कमाईतून त्यानं डॉयलच्या आईला पैसे दिले, पण मुलगा गेला तो गेलाच. बंदीनंतर अली पहिल्यांदा खेळला तो जेरी क्वारीशी, तो क्वारी ५३ व्या वर्षी मेला, शेवटी शेवटी त्याला स्वतःचं स्वतः जेवता येत नव्हतं, सगळं डोक्यावर खाल्लेल्या माराचं. अलीचा जुना दोस्त आणि स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात समोर उभा राहणारा, जिमी एलिस, १९८० ला मद्रासला अलीबरोबर प्रदर्शनी फाईट खेळायला आलेला, त्याचीही स्मृती गेली. रॉबिन्सनला अल्झायमर, अलीला पार्किन्सन. अलीच्या डॉक्टरनं, पाचेकोनं, १९७७ ला किडनीचे रिपोर्ट दाखवून सांगितलं आता थांबा, कुणी ऐकलं नाही, तो सोडून गेला. मग १९८० ला ३८ वर्षांच्या अलीला लॅरी होम्सपुढं उभं केलं. होम्स कोण तर अलीचाच आधीचा स्पारिंग पार्टनर. दहा राउंड मारलं त्यानं, मारताना रेफरीकडं बघत होता की बाबा थांबव, आणि जिंकून ड्रेसिंग रूममध्ये रडला. याला खेळ म्हणायचं का हा तुमचा प्रश्न मी खोडू शकत नाही.

पण धिरयो नाही हो. धिरयोवर हायकोर्टानं १९९६ ला बंदी घातली, तरी कुठल्या ना कुठल्या शेतात होतातच हे तुम्हाला मला आणि पोलिसांना, सगळ्यांना ठाऊक. पण बैलाला घरी राहायचा पर्याय नसतो, आणि हरलेला बैल जिंकलेल्याच्या पिशवीत पट्ट्या टाकत नाही, जिंकलेलाही टाकत नाही. १९८८ ला सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्क सी हुनला ३२ विरुद्ध ८६ ठोसे मारले आणि जजांनी ३-२ नं पार्कला जिंकवलं. पार्कलाही ते कळलं होतं. २०२३ ला तो फ्लोरिडाला जोन्सच्या घरी गेला आणि ते गोल्ड मेडल त्याच्या हातात ठेवून आला, ३५ वर्षांनी. आपल्या मणिपूरच्या सरिता देवीनं २०१४ ला इंचॉनच्या एशियाडमध्ये ब्राँझ गळ्यात घालून घ्यायला नकार दिला, रडत रडत जाऊन समोरच्या कोरियन मुलीच्या गळ्यात घातलं, त्याबद्दल तिला वर्षभर बंदी. चूक की बरोबर यावर आमच्या दुकानात अजून दोन पार्ट्या आहेत.

आणि गरिबांची पोरंच का, तर बाई, मेरी कोमचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये तिच्याच मणिपूरच्या डिंको सिंगनं गोल्ड घेतलं ते बघून ती या खेळात आली, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाली, २०१२ ला ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि तिनं ब्राँझ आणलं. तिला रिंगमधून घरी पाठवलं असतं तर शेतातच पाठवलं असतं ना? या खेळात पोटासाठी येणारे येतात, त्यांना रानटी म्हणून दार लावण्यापेक्षा आत डॉक्टर बसवा, म्हातारपणी औषधाला पैसे द्या. १९८० च्या जानेवारीत दिल्लीत अलीसमोर चार राउंड उभा राहिलेला आपला माणूस होता, हवालदार कौर सिंग, १९८२ च्या एशियाडचा हेवीवेट गोल्ड, पद्मश्री. त्याला म्हातारपणी हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढावं लागलं. २०२३ ला गेला. अली कसा वारला ते सगळ्यांना माहीत असतं, कौर सिंगचं नाव काढलं तर लोक विचारतात कोण.

आता काम. माझी भाची नववीत आहे, ४८ किलोत खेळते, तिच्या पट्ट्या दुकानातून आणलेल्या आहेत, आजोबांच्या पुडव्याच्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांची शालेय स्पर्धा. ती हरेल की जिंकेल मला माहीत नाही, तिचा उजवा गार्ड अजून खाली पडतो. माझी विनंती एवढीच की त्या दिवशीचा निकाल छापताना 'विजयी' च्या पुढं दुसरं नावही छापा, गावासकट. 'मये विरुद्ध हरमल' असं नको, मुलीचं नाव. जागा नसेल तर आभारप्रदर्शन कापा.

आपला,
एक जुना वाचक, म्हापसा

ता.क. फोंड्याच्या वाचकांच्या पत्रात रॉबिन्सनच्या न हरलेल्या फाईट्स १९ छापल्यात. त्यांनी ९१ लिहिलं असणार, प्रुफात उलटे झाले. दुरुस्ती छापा, नाहीतर मडगावकर त्याचाच मुद्दा करतील.